कॅप्टनचा पाय

नाथाजीच्या बायकोचा, संयोगितावहिनींचा, फोन आला तेव्हा धनाजी कुपवाडच्या कारखान्यात लेथवर उभा होता. वहिनी एरवी फोन करणाऱ्यातल्या नव्हत्या. "भावजी, ह्यांना मिरजेला दवाखान्यात आणलंय," त्या म्हणाल्या. "पाय काढायचा म्हणत्यात डाक्टर, आन ह्ये न्हाईच म्हणत्यात. उद्या सकाळच्या आत काय ती सोय लावा, न्हाईतर इष वर चढंल आन माणूस जाईल, आसं सांगितलंय. तुमी या. तुमचं ऐकत्याल." धनाजीनं मशीन बंद केलं, शेजारच्याला सांगितलं आणि मोटरसायकल काढली. वाटेत त्याच्या डोक्यात एकच होतं. नाथाजीचा पाय काढायचा, म्हणजे मग नाथाजीत उरलं काय?

ज्यांनी नाथाजीला पळताना पाहिलं नाही त्यांना हे कळायचं नाही. तीसेक वर्षांपूर्वी कराडच्या कॉलेजात हा पोरगा आला तो पायात करकर वाजणाऱ्या वहाणा घालून. जिमखान्याच्या मानसिंग सरांनी त्या काढायला लावल्या आणि पोरांच्या मागून पळ म्हणाले. हा मागून निघाला आणि पुढून परत आला. सरांनी त्याच दिवशी त्याला संघात घेतलं आणि पुढल्या वर्षी कॅप्टन केलं.

संघ क्रॉसकंट्रीचा. म्हणजे गुळगुळीत मैदानावरचं शहरी पळणं नव्हे. बांध, ओढा, ढेकळं, चढ, सगळं ओलांडत जायचं. त्यात हिशोब असा की संघाच्या पहिल्या चौघांचे नंबर मिळवायचे आणि ज्यांची बेरीज कमी त्यांची ढाल. एक घोडा सुटून उपयोग नाही, चौथ्यालाही पहिल्याएवढीच किंमत. नाथाजी पहिला, इंद्रजित दुसरा, कोंडीबा तिसरा आणि धनाजी चौथा. हा क्रम तीन वर्षांत कधी बदलला नाही. धनाजी चौथा होता म्हणून घरी आईनं त्याला कधी कमी लेखलं नाही आणि संघातही कुणी लेखलं नाही. आयुष्यात पुढं चौथ्या माणसाला एवढा मान कुठंच मिळत नाही, हे त्याला कुपवाडला आल्यावर कळलं.

धनाजीचं घर मलकापूरला, आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याला. नाथाजीच्या गावाहून पहिली एसटी कराडला पोचायची तोवर उन्हं वर आलेली असत आणि सरांना तर पोरं दिवस उगवायच्या आधी डोंगराखाली हजर लागत. मग नाथाजी धनाजीकडंच मुक्कामाला राहू लागला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली चटई, चटईवर हे दोघं. नाथाजीच्या भावकीत यावर थोडी कुजबुज झाली. नाथाजीनं ती या कानानं ऐकली, त्या कानानं सोडली आणि वर धनाजीच्या आईच्या, हरणाबाईच्या, हातची चटणी नेऊन त्याच भावकीत वाटली. चटणी सगळ्यांनी खाल्ली. कुजबुज नंतर कुणाला आठवली नाही.

त्या सकाळी म्हणजे धनाजीच्या आयुष्यातला सगळ्यात श्रीमंत काळ. पुढं चौघं, मागं लुनावर मफलर गुंडाळलेले सर. वीटभट्टीवर एक तांबडं कुत्रं होतं, ते फक्त कोंडीबाच्याच मागं लागायचं. सर म्हणायचे, कोंडीबाची वेळ मी नाही, त्या कुत्र्यानं सुधारली. गळीत हंगामात रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागत. नाथाजी पळता पळताच शेवटच्या ट्रॉलीतून एक ऊस ओढायचा, गुडघ्यावर मोडून त्याची कांडकी करायचा आणि मागं न बघता हात मागं करायचा. एकानं घेतलं की दुसरं कांडकं. धनाजीला शेवटचं मिळायचं, पण ते बुडख्याकडचं, सगळ्यात गोड असायचं. मागून सर ओरडत, "पळताय का चरताय रं?"

सरांचे दोन कायदे होते. पहिला फोडांचा. नवा बूट चावला, टाच सोलली की पोरं रडकुंडीला येत. सर म्हणत, "दुखतंय तवर थांब. दुखायचं थांबलं की पळ. पायाला इचार, तो खोटं बोलत न्हाई." दुसरा कायदा कोंडीबामुळं झाला. एकदा तो ओकत, लटपटत, तरीही पळत राहिला आणि बांधावर बेशुद्ध पडला. आमच्या भागातली पोरं अशीच. मरतील, पण थांबलो म्हणणार नाहीत. म्हणून सरांनी ठरवून टाकलं की थांबायचं का नाही हे पळणाऱ्यानं ठरवायचं नाही. कॅप्टन त्याच्या खांद्यावर हात ठेवेल आणि बस म्हणेल. हात पडला की वाद घालायचा नाही. आणि ज्याला थांबवलं त्याला त्यावरून पुढं जन्मात कुणी बोलायचं नाही.

तो हात एकदा धनाजीच्या खांद्यावर पडला होता. विद्यापीठाची स्पर्धा, ढाल जवळजवळ हातात आलेली. ओढ्याच्या उतारावर धनाजीचा घोटा मुरगळला. तो पाय फरफटत पळतच राहिला, कारण चौथा गेला तर संघ गेला. फेरी मारून वळणावर आलेल्या नाथाजीनं ते पाहिलं. सगळ्यात पुढं होता तो. स्वतःची वाट सोडून तो आडवा धनाजीकडं आला, खांद्यावर हात ठेवला, "बस," म्हणाला आणि पुन्हा पळायला गेला. धनाजी बांधावर बसून लहान पोरासारखा रडला. ढाल गेली. परतीच्या एसटीत नाथाजी त्याच्या पायाशी बसून घोटा चोळत होता आणि कोंडीबाच्या कुत्र्याच्या गोष्टी सांगत होता. त्या ढालीचं नाव नंतर खरंच कुणी काढलं नाही.

कॉलेज संपल्यावर इंद्रजित फौजेत गेला. नाथाजीही भरतीला गेला होता. मैदानात त्यानं सगळ्यांना मागं टाकलं आणि डॉक्टरांपुढं उभा राहिला तेव्हा त्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून त्याला घरी पाठवलं. पळताना जे कधी आड आलं नाही ते उभं राहताना आड आलं. दोनदा गेला, दोनदा परत आला. मग उपसा सिंचनाच्या संस्थेत पाटकरी झाला, म्हणजे कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं ते पाटाच्या कडेनं हिंडून बघणारा माणूस. गाडी घेतली नाही. सगळा पाट पायी. आणि सकाळी गावातली भरतीची पोरं घेऊन पळायचा. त्यातली कितीतरी पोरं फौजेत गेली. त्यांच्या पेढ्यांचा पहिला मान नाथाजीचा असे, आणि हा मान त्यानं कधी नाकारला नाही.

त्या पेढ्यांनीच घात केला असं वहिनी म्हणत. खरं म्हणजे साखर त्याला पेढ्यांआधीपासून होती. गोळ्या कधी घेई, कधी विसरे. पळणाऱ्या माणसाला कसली साखर, ती घामावाटे जाते, असं त्याचं शास्त्र. हळूहळू पायांची जाणीव कमी होत गेली. खडा टोचला कळेना, चटका बसला कळेना. दुसरा असता तर घाबरला असता. नाथाजीला वाटलं, पाय आता पक्के झाले. यंदाच्या उन्हाळ्यात तुटलेल्या उसाचं धसकट त्याच्या बुटाच्या तळातून आत घुसलं आणि तो तसाच पोरांबरोबर पळून आला. घरी बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं भरलेला. वहिनी ओरडल्या. हा म्हणाला, "आगं, दुखत न्हाई. दुखत न्हाई म्हंजी काय न्हाई त्यात." हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरं घेऊन गेला. सरांचा कायदा त्यानं तंतोतंत पाळला. सरांना तरी काय माहीत, की एक दिवस पायसुद्धा खोटं बोलेल.

धनाजी दवाखान्यात पोचला तेव्हा इंद्रजित आणि कोंडीबा आधीच आलेले होते. इंद्रजित आता निवृत्त सुभेदार, कोंडीबा लोणंदला कांद्याचा व्यापारी, पोट सुटलेला. खाटेवर नाथाजी टेकून बसला होता. पायावर चादर होती, पण वास चादरीखाली राहत नव्हता. अंगात ताप, डोळे लाल, आणि तोंडावर हसू.

"आली का सगळी टीम?" तो म्हणाला. "आता म्हणाल, काप पाय. आरं, दुखत न्हाई मला. न दुखणारा पाय कापायचा कशाला?"

तिघंही हेच सांगायला आले होते आणि तिघांच्याही तोंडातून ते निघेना. इंद्रजितनं घसा खाकरला आणि भलतंच बोलला. म्हणाला, "नाथा, ते तांबडं कुत्रं आठवतंय का?" मग काय, धरणाचं दार उघडावं तसं झालं. कुत्रं झालं, ऊस झाला, सरांची लुना चिखलात रुतलेली ती झाली. कोंडीबा आगाशिवच्या चढावर देवाला नवस बोलत पळायचा ते झालं. नाथाजी पोट धरून हसला. नर्स दोनदा येऊन आवाज कमी करा म्हणून गेली. धनाजीही हसत होता. पण दाराशी संयोगितावहिनी उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या. त्या एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या. आता हा सांगेल, आता तो सांगेल. खिडकीबाहेरचं ऊन उतरत गेलं आणि कुणीच सांगितलं नाही. तिघं धडधाकट बाप्ये गेलेल्या दिवसांच्या आडोशाला लपून बसले होते, याची धनाजीला लाज वाटली.

नाथाजी हरणाबाईच्या चटणीबद्दल काहीतरी बोलत असताना धनाजी उठला. खाटेला वळसा घालून त्याच्या बाजूला गेला आणि त्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा तापानं फणफणत होता.

नाथाजी बोलायचा थांबला. त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि राग आला. "हात काढ," तो म्हणाला. "कॅप्टन मी हाय. तू चौथा."

धनाजीनं हात काढला नाही. "बस, नाथा," तो म्हणाला. "बस झालं."

इंद्रजितनं मान खाली घातली. नाथाजी चादरीकडं बघत राहिला. वाद घालायचा नाही हा कायदा त्यानंच कैक पोरांना शिकवला होता. शेवटी त्यानं बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "बोलीव डाक्टरला." वहिनी धावतच गेल्या. नाथाजीनं तोंड भिंतीकडं केलं. तो रडत होता हे सगळ्यांना कळत होतं आणि त्याच्याकडं कुणी बघितलं नाही.

पाय गुडघ्याखालून गेला. माणूस वाचला. डॉक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. वहिनींनी धनाजीला वाकून नमस्कार केला, तेव्हा तो मागं सरला. कसला नमस्कार? लोक म्हणाले, मित्रानं जीव वाचवला. धनाजीला रात्री झोप लागेना. लेथवर काम करताना मध्येच त्याला आपल्या तळहाताशी त्या खांद्याची गरमी जाणवायची. ढाल गेली तेव्हा नाथाजीनं त्याच्या पायाचं नाव काढलं नव्हतं, आणि आता नाथाजीच्या पायाचं नाव त्यानं कसं काढायचं?

सुट्टीच्या दिवशी तो नाथाजीच्या गावी गेला. भरतीची पोरं आता दुसऱ्या कुणाबरोबर पळतात, असं वाटेत कळलं. नाथाजी सोप्यात खाटेवर पडला होता. दाढी वाढलेली. वहिनी चहा टाकायला आत गेल्या तशी त्यानं धनाजीला जवळ बोलावलं.

"कुणाला सांगू नगं," तो हळू आवाजात म्हणाला. "येडा म्हणतील. पाय दुखतुया रं."

"कुठला?"

"गेलेला. पोटरीत गोळा येतुया. आगाशिवच्या चढाला यायचा न्हवं, तसा. लय दुखतंय, धना. इतकी वर्सं दुखला न्हाई, आन आता..."

हा पाय असा दुखला असता, महिनाभर आधी एकदा जरी दुखला असता, तर आज ही खाट नसती. हे दोघांनाही कळत होतं. मग धनाजी खाटेच्या पायथ्याशी खाली बसला. गुडघ्याच्या पुढं, जिथं नुसती सपाट चादर होती, तिथं त्यानं दोन्ही हात धरले आणि गोळा आलेली पोटरी चोळावी तसे ते सावकाश वरखाली फिरवू लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नाथाजीनं डोळे मिटले.

"जरा खाली," तो म्हणाला.

धनाजीनं हात जरा खाली घेतले.