दुसऱ्याचा बॉल

नरहर सरांच्या गळ्यात शिट्टी नाही असं मी फक्त एकदा पाहिलं, त्यांच्या आईच्या तेराव्याला. एरवी लग्न असो की पालकसभा, शिट्टी गळ्यात. दिग्रसच्या आमच्या शाळेत ते पी.टी. शिकवायचे आणि मी मराठी. वडील यवतमाळला हेडक्लार्क, दोन्ही भाऊ बँकेत, आणि हे उन्हातान्हात पोरांमागे धावणारे. घरचे म्हणायचे, शेंडेफळ वाया गेलं. मीही त्यांना कमी छळलं नाही. पण हा माणूस चिडायचाच नाही. स्टाफरूममधलं चिडण्याचं खातं माझ्याकडे होतं.

ती वर्षं फार वाईट होती. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव एकाच कारणाने यायचं, आणि ते कारण वर्गात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. कापसाला भाव नव्हता, जिनिंग एकेक करून बंद पडत होत्या. दिवाळी झाली की तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला निघायची, पोराबाळांसकट. माझ्या वर्गातले बाक रिकामे व्हायचे आणि सरांच्या टीमा मोडायच्या. पावसाळ्यात घाम गाळून कबड्डीचा संघ उभा करावा, तर सामन्यांच्या वेळेला अर्धा संघ उसाच्या फडावर. खो-खोचं तेच, व्हॉलीबॉलचं तेच.

अशात शालेय खेळांमध्ये गोल्फ आलं, आणि ते सरांच्या डोक्यात शिरलं. मी हसून हसून बेजार झाले. म्हटलं, "सर, गोल्फ? दिग्रसमध्ये? घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा!"

ते शांतपणे म्हणाले, "बाई, या खेळाला टीम लागत नाही. एक पोर टिकलं तरी पुरतं."

माझं हसू तिथेच थांबलं.

कामठीला त्यांचा मावसभाऊ लष्करी कचेरीत कारकून होता. त्याच्या ओळखीने सरांनी तिथल्या गोल्फच्या टाकाऊ काठ्यांचं एक पोतं आणि थोडे जुने बॉल आणले. बंद जिनिंगच्या मागच्या पडीक वावरात जमिनीत पत्र्याचे डबे पुरले, आणि झालं मैदान. गवताचं नाव नाही, सगळी काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या की खांद्यापर्यंत हात घातला तरी तळ लागू नये. बॉल भेगेत गेला की गेलाच. दिग्रसच्या बाजारात तो मिळायचाही नाही. म्हणून सरांनी सगळ्यात आधी एक नियम शिकवला. बॉल कोणाचाही असो, भेगेकडे निघाला की जो जवळ असेल त्याने धावत जाऊन तो पकडायचा आणि ज्याचा त्याला नेऊन द्यायचा. बॉल संपले तर खेळ संपला, सगळ्यांचाच.

हौसेने आलेली पोरं हळूहळू गळाली. उरली ममता राठोड, जवळच्या तांड्यावरची, आठवीतली. माझ्या तासाला झोपा काढणारी ही पोरगी हातात काठी आली की वेगळीच दिसायची. घाई नाही, गडबड नाही. बॉलकडे पाहायची, डब्याकडे पाहायची, आणि हलकेच मारायची. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बॉल डब्यात पडल्याचा टण्णकन आवाज कळायचा. आणि तो वरचेवर यायचा.

दिवाळीनंतर लगेच पुण्यात राज्यस्पर्धा होती. तिच्यात निवड झाली तर राज्याचा संघ, आणि त्यासोबत पुण्यात वसतिगृह, शाळा, जेवण, दहावीपर्यंत. हे सांगायला सर तांड्यावर गेले, मला सोबत घेऊन. ममताचा बाप लखीराम खाटेवर बसून ऐकत होता.

"गुरुजी, मुकादम आठ दिवसानं ट्रक आनून राह्यला," तो म्हणाला. "आमी दोघं फडात उतरलो का बबलूले कोन पाहील? भाकरी कोन थापील? पोरगी लागतेच."

बबलू म्हणजे ममताचा दोन वर्षांचा भाऊ, आईच्या कडेवर झोपलेला. ती आई, बसंतीबाई, त्याला थोपटत ऐकत होती. आता म्हणाली, "तिले तिकडं जागा भेटली तं राहू द्या. मी पाहीन कसंबी. नाही भेटली तं येईल आमच्यासंगं."

मी म्हटलं, माझ्या घरी ठेवा. लखीरामने हात जोडले. त्याला माझं घर नको होतं असं नाही, त्याला फडावर माणूस हवं होतं. तिथे चिडून काय करणार?

पण बायकोचं मानून पोरीला स्पर्धेला मात्र त्याने पाठवलं. जिल्ह्यात दुसरं कोणी खेळतच नव्हतं, त्यामुळे आम्ही थेट पुण्याला. मुलीसोबत बाई हवी, म्हणून मीही. तिथलं मैदान पाहिलं आणि ममता बाहेरच थांबली. "बाई, यावर पाय ठेवाचा?" तिने विचारलं. हिरवंगार गवत, मधे तळं. चप्पल काढू का, असंही तिने विचारलं. सर रात्रभर नियमांचं पुस्तक वाचत बसले होते. सकाळी त्यांनी तिला बजावलं, "आपल्या बॉलला हात लावायचा नाही. जिथं पडला तिथूनच मारायचा. समजलं?" तिने मान हलवली.

आणि खरंच, तिने आपल्या बॉलला एकदाही हात लावला नाही. गवतावर सुरुवातीला गडबडली, मग सावरली. एकास एक लढती होत्या, जास्त खड्डे जिंकेल ती पुढे. पहिली जिंकली, दुसरी जिंकली. सर दोरीबाहेर उभे राहून शिट्टी चावत होते. संघातली शेवटची जागा उरली आणि त्या जागेसाठी ममतासमोर आली पुण्याचीच मधुवंती, टापटीप, गोड पोरगी. शेवटच्या खड्ड्यापर्यंत दोघी बरोबरीत. ममताचा बॉल खड्ड्याजवळ येऊन थांबला. मधुवंतीचा फटका जोरात बसला. तिचा बॉल खड्डा ओलांडून उताराला लागला आणि तळ्याकडे निघाला.

तो पाण्यात जाऊ दिला असता तर ममता जिंकल्यातच जमा होती.

ममता धावली. मी पाहिलं, सरांनी पाहिलं. सर ओरडले, "ममता, नको!" पण तोवर तिने काठावर झडप घालून बॉल पकडला होता. फ्रॉकला पुसला आणि हसत हसत नेऊन मधुवंतीच्या हातात ठेवला. "घे वं. बुडत होता."

पंचांनी हात वर केला. प्रतिस्पर्ध्याचा चालता बॉल मुद्दाम अडवला, हा खड्डा गेला. म्हणजे सामना गेला. मधुवंती रडवेली होऊन म्हणाली, "पण तिने माझाच बॉल वाचवला ना?" पंच वाईट नव्हते. म्हणाले, "बाळा, नियम आहे." ममताला काहीच कळेना. ती आमच्याकडे पाहत राहिली. मला त्या पंचाचा, त्या तळ्याचा, त्या हिरव्या गवताचा इतका संताप आला की विचारू नका.

परतीच्या गाडीत सर एकच वाक्य बोलले. "आपला सांगितला, बाई. दुसऱ्याचा सांगायचा राहिला."

तांड्यावर पोचलो तेव्हा ट्रक उभाच होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढवून झाल्या होत्या. दुसरीचा बॉल उचलला म्हणून हरली, एवढं ममताने आईला सांगितलं. बसंतीबाईचा चेहरा पडला. ती सरांसमोर येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, पोरीनं चोरी तं नाही केली न? आमच्या लोकायले लवकर बोल लागते."

"नाही हो," सर म्हणाले. "मी शिकवलं तेच केलं तिनं."

लखीराम रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जाऊ द्या गुरुजी. बबलू मोठा झाला का त्याले शिकवा. पोराले कामी येईल."

सरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली. "नाही लखीरामभाऊ. आता मी कोणालाच शिकवणार नाही."

पुण्यात ममता रडली नव्हती, गाडीतही नाही. ट्रकच्या फाळक्याला धरून ती सगळं ऐकत होती. आता तिचे डोळे भरून आले.

"मंग मले कायले शिकवलं, सर?"

मुकादमाने हॉर्न दिला. बसंतीबाईने बबलूला लेकीच्या कडेवर दिलं, आणि ममता त्याला घेऊन वर चढली.