पालथा डबा
गंजक्या पत्र्याचा वास आला की मला दादाचा डबा आठवतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता, आमच्या जळकोटाकडं मात्र दुष्काळ होता आणि टँकर आलाच तर घराला दोन घागरी पाणी. माझ्या थोरल्या भावाला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली होती, पण वर्षभर रक्ताची हगवण थांबेना म्हणून तो घरी परतला होता. दिवसातून सात-आठदा डबा भरून नाल्याकडं जायचा आणि आल्यावर भिंतीकडं तोंड करून रडत पडायचा. "पोट दुखतंय म्हणून बाप्या माणूस असा रडतो का? सोंगं करायलाय," आई म्हणायची. एका दुपारी मी रांगेत भांडून आणलेल्या घागरीत त्यानं डबा बुडवला आणि मी ओरडले, "दादा, सारं पाणी तुला एकट्यालाच लागायलंय!" दुसऱ्या दिवशी डबा उंबऱ्याशी पालथा होता. "आता लागणार न्हाई," तो म्हणाला. दादाचं पोट बरं झालं, असं मी हरखून आईला सांगितलं. आठवड्यानं तो उठेना तेव्हा त्याची वाकळ उचलली, तर खाली त्याला वाढलेल्या साऱ्या भाकरी वाळून पडलेल्या. दवाखान्यात नेला, तो परत आला नाही. आता तोच आजार मला आहे. परवा नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि विचारलं, "या दुखण्यात मनही खचतं. रडू येतं का हो?" मला हुंदका आवरेना. दादा रोज आमच्यासमोर रडत होता, आणि मी त्याचे डबे मोजत होते.