पट्ट्याखालच्या बांगड्या

माझी सगुणाआत्या न्हावऱ्याला असते. तिचा उजवा हात एका कालवडीनं घालवला, असं तिच्या घरातले सगळे सांगतात. मी ऐकून घेते. त्या मुक्या जनावरानं एक हिसडा दिला, एवढंच. पुढचं सगळं बोलत्या माणसांनी केलं.

आत्याचं सासर मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. सासरे गेल्यावर मेंढरं विकली, दोन एकर ऊस झाला, गोठ्यात चार गाई आल्या. पण आत्याच्या हातातलं जुनं कसब गेलं नव्हतं. कुणाच्या शेरडा-मेंढराचा पाय मोडला की लोक तिच्याकडं यायचे. ती आधी कात्री घेऊन पायावरची लोकर साफ कापायची, मग बांबूच्या कामट्या लावून चिंधीनं आवळायची. "लोकरीवर कामटी बसत न्हाई," म्हणायची. एरवी ती फारसं बोलत नसे. बोलायचं काम घरात तिच्या थोरल्या जावेकडं, धुरपदाकाकींकडं होतं, आणि त्या ते मनापासून करायच्या.

एका सकाळी कालवडीला पाण्यावर नेताना आत्यानं दावं हाताला गुंडाळलं होतं. कालवड उधळली आणि हात पिळवटून निघाला. करंगळीच्या बाजूला, मनगटाचं टपोरं हाड असतं तिथं कळ आली. आत्यानं हात झटकला आणि धारा काढायला बसली. हात मोडला असता तर घरात धावपळ झाली असती. नुसता दुखणारा हात कोण बघतो?

मग उपचार सुरू झाले. आधी मांडवगण फराट्याचे हाडवैद्य दगडोबा आले. "शीर चढलीय," म्हणाले आणि गरम तेल लावून त्यांनी तो हात असा ओढला की आत्या दोन दिवस भाकरी थापू शकली नाही. मग कुणीतरी बिब्बा लावायला सांगितला. त्यानं कातडी भाजली, कळ होती तिथंच राहिली. शेवटी तिचा मुलगा संपत तिला शिरूरला घेऊन गेला. तिथं फोटो काढला. हाड शाबूत होतं. गोळ्या देऊन घरी पाठवलं.

"फोटू चांगला आलाय," धुरपदाकाकींनी गल्लीभर सांगितलं. "आता दुखतंय ते डोस्क्यात."

त्या दिवसापासून आत्यानं हाताचं नाव काढलं नाही. लुगडं पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना, जमिनीवर तळवा टेकून उठताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते बघायला तिथं कुणाला सवड नव्हती. मी दौंडला राहते, माझे यजमान रेल्वेत आहेत. सुट्टीला न्हावऱ्याला गेले तेव्हा आत्यानं चहाची किटली डाव्या हातानं ओतलेली बघितली आणि तिला एसटीत घालून दौंडला घेऊन आले.

दौंडच्या हाडाच्या डॉक्टरांनी तिचा हात फोटोच्या आधी हातात घेतला, हेच मला आवडलं. करंगळीच्या बाजूला, टपोऱ्या हाडाच्या पुढं एक खळगा असतो. त्यात त्यांनी अंगठा दाबला. आत्या कधी ओरडत नाही, ती ओरडली. मग मूठ करंगळीकडं झुकवून हात फिरवला, तर आत कट्ट झालं. शेवटी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला सांगितलं. आत्या अर्धी उठली आणि मटकन खाली बसली.

"मावशी, तुमचं हाड चांगलंच आहे," डॉक्टर म्हणाले. "या बाजूला हाडांच्या मधे एक बारकी गादी असते, नळाच्या वायसरसारखी. ती फाटली आहे. साध्या फोटोत ती दिसत नाही." मोठ्या मशीनमधला फोटो काढल्यावर तेच निघालं.

बाहेर येताना आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हंजी खरंच दुखत व्हतं," ती मला म्हणाली. स्वतःच्या हाताची साक्ष तिला दुसऱ्याकडून घ्यावी लागली याचा मला असा राग आला की काय सांगू.

इलाज अवघड नव्हता. तळव्यापासून कोपरापर्यंत एक पट्टा द्यायचा, हात फिरता कामा नये. दीड महिना धारा नाहीत, पिळणं नाही. मग व्यायाम. एवढ्यानं बहुतेक भरून येईल, नाही आलं तर दुर्बिणीतून ऑपरेशन. "पण पट्टा उघड्या हातावर घट्ट बसला पाहिजे," डॉक्टरांनी बजावलं.

अडचण पाच बांगड्यांची होती. हिरव्या, काचेच्या, कासाराकडं बसून घट्ट भरलेल्या. मनगट सुजल्यामुळं त्या साबण लावूनही उतरेनात, फोडाव्या लागणार होत्या. नर्स म्हणाली, "बांगड्यांच्या जागी दोरा बांधू हातात, सगळ्या बायका तसंच करतात." आत्यानं हात मागं घेतला. "घरी जाऊन वाढवते," म्हणाली. नवरा असलेली बाई बांगडी फोडते म्हणत नाही, वाढवते म्हणते.

मी तिला सोडायला न्हावऱ्याला गेले. घरी सगळी तयारी होती. संपतची बायको पूनम धारा काढायला शिकली होती. पहिल्या दिवशी गाईनं तिला बादलीसकट आडवी केली, तरी पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. राहिल्या होत्या फक्त बांगड्या. आणि हरिबामामा, म्हणजे आत्याचे यजमान, पुण्याहून हृदयाचं ऑपरेशन करून नुकतेच घरी आले होते.

मी दोऱ्याची गुंडी काढली तशा धुरपदाकाकी उठून उभ्या राहिल्या. "नवरा खाटंवर हाय आन् तू हात उघडा करणार? काय इपरीत झालं म्हंजी?"

"काकी, दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. डाव्या हातात आहेत की बांगड्या," मी म्हणाले.

"तुझ्या दौंडात चालत आसंल."

मी मामांकडं वळले. "मामा, तुम्ही सांगा. तुमच्या एका शब्दाचं काम आहे."

मामा वाईट माणूस नव्हते. आत्यावर त्यांनी कधी हात उगारला नाही, कधी दारू प्यायले नाहीत. पण आजारानं ते घाबरले होते. त्यांनी आत्याच्या हाताकडं पाहिलं, खरं तर बांगड्यांकडंच पाहिलं, आणि भिंतीकडं तोंड केलं. "बायकांचं बायकांनी बघावं," म्हणाले. मग जरा वेळानं हळूच, "मी हिंडाया-फिराया लागस्तवर थांबली आसती तर बरं झालं आसतं."

आत्यानं माझ्या हातातून पट्टा घेतला आणि बांगड्यांवरूनच आवळला.

मला राहवलं नाही. "आत्या, मेंढराची लोकर कापल्याशिवाय तू कामटी लावत नव्हतीस."

"मेंढराला नवरा नसतो," आत्या म्हणाली.

तो पट्टा तिनं एक दिवस सोडला नाही. आत बांगड्या नेमक्या त्या दुखऱ्या हाडावर रुतायच्या, आणि बांगड्यांच्या जाडीएवढ्या पोकळीत हात हवा तसा फिरायचा. वरून मात्र बघणाऱ्याला वाटायचं, केवढा इलाज चाललाय. मामा महिन्याभरात हिंडू-फिरू लागले, पारावर जाऊन बसू लागले. मी फोनवर म्हणाले, आता तरी काढ. तर ती म्हणाली, "आता बरं चाललंय त्यांचं, कशाला इषाची परीक्षा." डॉक्टरांकडं पुन्हा चल म्हटलं तर, "ते रागावतील." तिनं सगळ्यांचा राग सांभाळला, सगळ्यांची भीती सांभाळली. हात तेवढा सांभाळायचा राहिला. पट्ट्याचे बंद तुटले तेव्हा तिनं तो गोठ्यातल्या खुंटीला अडकवला, आणि धुरपदाकाकी म्हणाल्या, "बघा, दौंडच्या डाक्टरानं बी काय हुईना."

संक्रांतीच्या तोंडावर मामा उसाला पाणी देऊन आले, चहा मागितला आणि ओट्यावरच कलंडले, ते कायमचेच. पाचही बांगड्या आत्याच्या हातात शाबूत होत्या. त्या बांगड्यांना कुणी जाब विचारला नाही.

या चाली आता बंद झाल्या, अशी भाषणं मी खूप ऐकली आहेत. भाषणं करणारे त्या दिवशी अंगणात खाली माना घालून बसले होते. धुरपदाकाकींनी आत्याचा उजवा हात धरला, तोच, आणि उंबऱ्याजवळच्या दगडावर आपटला. बांगड्या घट्ट होत्या. एकदा आपटून भागलं नाही. "अहो, तो हात दुखरा आहे," मी ओरडले, पण रडारडीत कोण ऐकतं? आत्यानं असा हंबरडा फोडला की अंगणातले पुरुषही उठून उभे राहिले.

"लई जीव व्हता गं नवऱ्यावर," शेजारची गिताबाई डोळे पुसत म्हणाली.

जीव होता की नव्हता, मला माहीत नाही. तो हंबरडा मनगटाचा होता, एवढं मी शपथेवर सांगते.

मामांचे दिवस झाल्यावर मी तिला पुन्हा दौंडला आणलं. डॉक्टरांनी त्याच खळग्यात अंगठा दाबला, हात फिरवला, नवे फोटो पाहिले. "गादी संपली आहे," म्हणाले. "आता हाडावर हाड घासतंय. एक हाड कापून थोडं आखूड करावं लागेल. दुखणं कमी होईल, पण पूर्वीसारखा हात होणार नाही." मग त्यांनी विचारलं, "पट्टा बांधला होता ना, मावशी?"

आत्यानं पिशवीतून तो पट्टा काढून टेबलावर ठेवला. गोठ्याचा वास येत होता त्याला. डॉक्टरांनी तो उलटा करून पाहिला. आतल्या स्पंजात बांगड्यांच्या पाच रेघा खोल रुतलेल्या होत्या. डॉक्टरांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं, आत्याच्या मोकळ्या हाताकडं पाहिलं, मग कपाळाकडं पाहिलं.

आत्यानं बाही वर केली आणि हात त्यांच्यापुढं ठेवला.

"आता बांधा, डाक्टर," ती म्हणाली. "आता कोन न्हाई म्हनायचं न्हाई."