नवा हीटर आणि गारठलेली खोली

मंडळी, हीटर अडीच हजारांना आणला. खरा भाव आज सकाळी कळला: एक वितळलेला प्लग, एक काळा पडलेला बोर्ड आणि बारा दिवसांच्या नातीचं तासभर रडणं.

नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगी बाळंतपणाला आलीय. बाळाच्या खोलीत हीटर लावला, तशी बोर्डातून बारीक चरचर ऐकू आली. माझे कान तिखट. तीस वर्षं नुसत्या आवाजावरून विहिरीवरच्या मोटारींचे बिघाड सांगतोय. धावलो, पण तोवर घरभर वीज गेली होती.

"बाबा, हिचे पाय गार पडलेत हो!" मुलगी रडकुंडीला आली. मी टेस्टर धरून नुसता उभा.

"अहो, गावभरच्या मोटारी दुरुस्त करता, आणि एक खोली गरम होईना तुमच्याने?" असं म्हणत बायकोनं बाळाला छातीशी घेतलं, वरून शाल गुंडाळली. मग कुठे रडणं थांबलं.

हीटर साध्या प्लगला लावू नका, त्याला जाड वायरचा पॉवर प्लगच लागतो. तान्ह्या बाळाची खोली तुम्ही कशी उबदार ठेवता, तेही सांगा.

आणि वायरमनला शिव्या देऊ नका. त्या खोलीचं वायरिंग मीच केलं होतं.