कळंब ते उमरगा, बंद पडत पडत

दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीला अजून अवकाश होता. आमच्या धाराशिव जिल्ह्यात दुचाकीवर फिरायला याहून चांगले दिवस नाहीत. पाऊस आवरलेला असतो, ऊन अजून माणसात असतं. पण खरं सांगायचं तर आम्ही फिरायला निघालोच नव्हतो. आम्ही मोटारसायकल परत करायला निघालो होतो.

ही मोटारसायकल उमरग्याच्या दाजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. त्यांनी नवी घेतली आणि जुनी पोळ्याच्या सुमाराला मला दिली. किल्ली हातावर ठेवताना दाजी म्हणाले होते, "एकदाबी बंद पडली न्हाय." ताईनं गाडीला हळदी-कुंकू लावलं, मला पेढा भरवला आणि लेक सासरी धाडावी तशी गाडीची पाठवणी केली. उमरग्याहून कळंबला येईपर्यंत ती वाटेत दोनदा बंद पडली.

गावात मात्र गुणी लेकरू. घर ते माझं चष्म्याचं दुकान, दुकान ते घर, काही तक्रार नाही. लांब निघालं की तासाभरात इंजिन दम लागल्यासारखं करायचं, आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. कळंबच्या दोन गॅरेजवाल्यांनी टाकीत डोकावून मग आपापल्या परीनं दुरुस्त केली, एक चक्कर मारून आणली आणि ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. पुढच्या लांबच्या फेरीला पुन्हा तेच.

माझी बायको सुरेखा हिनं निकाल केव्हाच लावला होता. तिचं म्हणणं, दाजींना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी घरच्याच माणसाच्या गळ्यात खटारा मारला. मला ते पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी जेवताना ठरलं की गाडी उमरग्याला नेऊन द्यायची आणि एसटीनं परत यायचं. मी एकटा गेलो तर चहा पिऊन गाडीसकट माघारी येईन, अशी तिला खात्री होती, म्हणून ती मागं बसली. मला चिंता एकच होती. गाडी परत दिल्यावर भाऊबीजेला ताईच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं?

रविवारी उजाडताच निघालो. येरमाळ्यापर्यंत रस्ता बरा आहे. येरमाळ्यात गरम पोहे खाल्ले आणि येडेश्वरीच्या दर्शनाला डोंगरावर गेलो. पायऱ्या सकाळीच चढाव्यात, नंतर तापतात. खाली आल्यावर पंपावर टाकी फुल केली. परत द्यायची गाडी रिकाम्या टाकीनं कशाला द्या, हा माझा मोठेपणा. सुरेखा म्हणाली, "आरती ओवाळा की मग."

येरमाळ्यातून आपण सोलापूरच्या हमरस्त्याला लागतो. रस्ता झकास, पण ट्रकवाल्यांना दुचाकी दिसत नाही असं धरून चालावं. धाराशिव जवळ आलं आणि गाडीनं आचके द्यायला सुरुवात केली. बाजूला घेतली, ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या मिस्त्रीनं टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोल काठोकाठ बघून मान हलवली, मग प्लग काढला. प्लग काळाभोर होता. घासून बसवला, किक मारली आणि गाडी सुरू. प्लगचाच दोष होता, यात त्याला काडीची शंका नव्हती. मलाही राहिली नाही.

धाराशिवला गुलाबजाम घेतले. गाडी परत द्यायला जाताना गुलाबजाम कशाला, असं मी विचारलं. "नणंदंच्या घरी हात हलवत जायचं व्हय?" सुरेखा म्हणाली. भांडणाचीही रीत असते.

धाराशिवहून तुळजापूरवरून जाणारा मोठा रस्ता सोडून आम्ही बेंबळीकडून आत शिरलो. मला माकणीच्या धरणाचं पाणी बघायचं होतं आणि पुन्हा या गाडीवर बसायचा योग नव्हता. या बाजूला जाणार असाल तर एक सांगतो. या दिवसांत सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि अर्धा रस्ता वाळवणाला असतो. त्यावरून गाडी घालू नका, घसरते आणि शिव्याही खाव्या लागतात.

बेंबळी मागं पडली आणि गाडी पुन्हा बसली. या वेळी पत्र्याच्या शेडमधला मिस्त्री भेटला. त्यानंही आधी झाकण उघडलं, नाक लावून वास घेतला आणि पेट्रोलमध्ये पाणी असल्याचं सांगितलं. कार्बोरेटर खोलून पुसला, थोडं पेट्रोल सांडून दिलं. गाडी सुरू. प्लगचा दोष असेल तर आता पेट्रोलमध्ये पाणी कुठून आलं, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "त्याचं त्यानं बघितलं, माझं म्या." पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एकच गाडी, एकच रोग आणि प्रत्येकाच्या औषधानं तात्पुरता गुण. असं कसं होतं?

माकणीला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. तेरणा नदीचं पाणी लांबवर पसरलेलं, काठाला बगळे, वारा असा की सुरेखासुद्धा घटकाभर दाजींना विसरली. रस्त्याकडेच्या हॉटेलात भजी सांगितली. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक कढई. चालवणाऱ्या मावशींचं तेल संपलं होतं, म्हणून त्यांनी नवा पत्र्याचा डबा ओढला, खिळा ठेवून दगडानं एका कोपऱ्याला भोक पाडलं आणि मग समोरच्या कोपऱ्याला दुसरं.

मला गप्प बसवत नाही. दुसरं कशाला, म्हणून विचारलं.

"आत वारं शिरल्याबिगर त्याल भाईर येतंय व्हय?" मावशी म्हणाल्या. "एकाच भोकानं चार थेंब येतंय आन् मग डबा रुसून बसतोय."

मी भजी हातात धरून तसाच बसलो. डबा रुसून बसतो. चार थेंब येतात आणि मग थांबतात. कळंबच्या दोघांनी, धाराशिवच्या मिस्त्रीनं, बेंबळीच्या मिस्त्रीनं वेगवेगळं काय काय केलं होतं. पण सगळ्यांनी आधी एकच गोष्ट केली होती. पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं होतं.

सुरेखाला सांगितलं तर तिनं आधी भजी संपवायला लावली. मग मी माझा प्रयोग मांडला. आता गाडी बंद पडेल तेव्हा कशालाही हात लावायचा नाही, फक्त झाकण उघडायचं. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडावी म्हणून मी वाट बघत होतो. लोहाऱ्याच्या वाटेवर तिनं आचके दिले तेव्हा मला इतका आनंद झाला की सुरेखानं पाठीत चापट मारली.

गाडी लिंबाखाली लावली. कान टाकीला लावून झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. झाकण पुन्हा लावलं, किक मारली. गाडी सुरू.

झाकणाला किल्लीच्या जागेजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी त्यातून हवा आत येते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवा मुळातच थोडी, म्हणजे गाडी आणखी लवकर गुदमरणार. येरमाळ्यात टाकी फुल करून मी स्वतःच तिचा गळा आवळला होता. चष्म्याच्या दुकानात रोज बारीक स्क्रूंशी खेळतो म्हणून ते भोक मला दिसलं तरी, पण ते गच्च बुजलेलं होतं. सुरेखानं बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. मी टोकरायला लागलो तसा आतून वाळका, लालसर पिवळा चुरा निघाला.

मला वाटलं गंज असेल. सुरेखानं तो बोटावर घेतला, चोळला, वास घेतला.

"कुंकू हाय हे," ती म्हणाली. "हळद-कुंकू. ओलं करून लावलेलं."

आमच्याकडं अमावास्येला वाहनाची पूजा करतात, नारळ फोडतात, गाडीला हळदी-कुंकू लावतात. ही गाडी दाजींकडं होती तेवढ्या साऱ्या अमावास्यांना तिची पूजा कुणी केली असेल, हे कुणी सांगायची गरज नव्हती. सुरेखानं बोट पदराला पुसलं, पिन पुन्हा बांगडीत अडकवली आणि मागं बसली. गाडी त्यानंतर बंद पडली नाही.

उमरग्यात शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. हैदराबादच्या रस्त्यावर ट्रकांची रांग, टपऱ्यांवर मराठी आणि कानडी एकाच वाक्यात. ताईच्या दारात गाडी थांबली आणि आम्ही उतरायच्या आत ताई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बाहेर. माहेरी दिलेली गाडी दारात आली होती, तिला रिकामी कशी ठेवणार? तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि थेट झाकणाकडं नेलं. टाकीलाच का लावतेस, मी घाईनं विचारलं.

"आरं, ह्यांची गाडी एकदा माळावर पेट्रोल संपून उभी राहिली. मी वाटंकडं डोळं लावून बसले. तवापासनं तिच्या तोंडालाच लावती. पोट भरल्यालं ऱ्हावं." मग सुरेखाकडं वळून तिनं विचारलं, "नीट चालती का गं?"

कळंबपासून सुरेखानं या प्रश्नाचं उत्तर घोकलं होतं. सुरेखानं ताईच्या हातातलं ताट घेतलं, हेडलाइटला कुंकवाचं बोट लावलं आणि म्हणाली, "लई चांगली चालती, ताई."

जेवताना मी दाजींना सहज विचारल्यासारखं विचारलं की पेट्रोल कसं भरायचात. दाजी म्हणाले, पंप त्यांच्या दुकानाशेजारीच, रोज सकाळी थोडं थोडं टाकायचं, फुल करायची सवयच नाही. म्हणजे रोज झाकण उघडत होतं आणि रोज गाडी श्वास घेत होती. दाजींनी अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं की मी गुलाबजाम जरा जास्तच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर कळंबला आलो, या वेळी तुळजापूरवरून, मोठ्या रस्त्यानं. खर्च म्हणाल तर पेट्रोल, खाणं आणि दोन मिस्त्रींची मजुरी. जुनी गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की लांबवर बंद पडत असेल तर इंजिन खोलायच्या आधी झाकण उघडून कान लावा.

एक गोष्ट मात्र राहिली होती. दाजींची नवी गाडी. ताई तिच्याही तोंडाला कुंकू लावणार आणि ती एक दिवस भर माळावर उभी राहणार. सांगायला तर हवं होतं आणि माझी जीभ रेटत नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सुरेखानंच फोन लावला. म्हणाली, आज घराचं दार उघडं ठेवतो तसं टाकीचं तोंडबी मोकळं ठेवा ताई, पेट्रोलला आत वारं लागतंय. कुंकू पुढच्या दिव्याला लावा.

फोन स्पीकरवर होता. ताई हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्यापायी तुमची गाडी बंद पडत हुती व्हय गं?"

सुरेखानं माझ्याकडं पाहिलं.

"न्हाय ओ ताई," ती म्हणाली. "आमच्याकडं एकदाबी बंद पडली न्हाय."