गाडीला बोलू द्या

चाकणचे माझे मिस्त्री गिऱ्हाइकाला बोलू देत नाहीत. हात चांगला आहे, म्हणून जुनी पिकअप त्यांच्याकडेच नेतो. आपण तोंड उघडलं की त्यांचं ग्रीसनं काळं झालेलं बोट वर होतं. "तुमी थांबा. गाडीला बोलू द्या." मग बॉनेटला कान लावून डोळे मिटतात.

दोन महिने डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जात नव्हता. तो लागला की गाडी चढावर मेल्यासारखी चालते, माल उशिरा पोचतो आणि कंपनीच्या गेटवर शिव्या मी खातो. चार वेळा गेलो. चारही वेळा "मिस्त्री, एक सांगायचंय," म्हणालो आणि चारही वेळा बोट वर झालं. त्यांनी सेन्सर बदलला, वायरिंग उसवलं, सायलेन्सरशी नाक नेऊन धुराचा वासही घेतला. दिवा आठवड्याभरात पुन्हा हजर!

पाचव्या खेपेला त्यांनी एक पाइप उघडला आणि आतून पत्र्याची चकती काढली.

"कुठल्या गाढवानं बसवली ही? धूर परत इंजिनात फिरायची वाटच बंद केलीय. दिवा लागंल न्हाई तर काय!"

"मीच बसवून घेतली," मी म्हणालो. "आळंदीच्या एका गॅरेजात. ताकद वाढेल म्हणाले. पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."

मिस्त्रींनी चकती पुसून माझ्या हातावर ठेवली. चेहरा खरोखर दुखावलेला.

"मग बोलायचं ना, राव!"

मी तोंड उघडलं. तोवर त्यांनी गाडी सुरू करून बॉनेटला कान लावला होता, आणि बोट वर होतं.