चार पायल्या तांदूळ

माझा स्वभाव संशयी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला बोल लावताना तुम्हाला जड जायला नको. भोरच्या बाजारात भाजी घेताना माझं लक्ष भाजीकडं नसतंच, काट्याकडं असतं. रिकाम्या काट्यावर शून्य आहे का, ते आधी बघते. भाजीवाली वैतागून म्हणते, "ताई, काटा काय पळून चाललाय का?" तिला म्हणायला काय जातंय!

ही खोड माहेरची. पानशेतला धरणाजवळ वडिलांची खानावळ होती. शनिवार-रविवारी पुण्याची गर्दी यायची आणि मटणापासून मिठापर्यंत सगळं तोलून यायचं. दुकानातून आलेला किलोचा पुडासुद्धा वडील घरी परत तोलायचे. दर चार पुड्यांत एखादा कमी भरायचाच, आणि मग वडिलांना जो आनंद व्हायचा, तो काही विचारू नका.

लग्न होऊन आंबवड्याच्या बाजूला आले आणि बघते तर या घरात काटाच नाही. एक लोखंडी पायली, तिच्या निम्मी अधोली, मग शेर, आणि सगळ्यात लहान चिपटं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांच्या तोंडात किलो फक्त साखरेपुरता. पाहुणे आले, तांदूळ किती टाकू? चिपटंभर. रान किती लांब? हाकेवर. निघायचं कधी? दिवस कासराभर वर आला की. अहो, पण हाक कुणाची? आत्यांची हाक नदीपलीकडं जाते, माझी ओसरीसुद्धा ओलांडत नाही! धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. मला वाटायचं, जिथं एकला एक म्हणत नाहीत, तिथं हिशोबात पाणी मुरणारच.

दोन वर्षांपूर्वी तर ते मुरताना मला दिसायलाच लागलं. इंद्रायणी तांदूळ गिरणीतून आणून कोठीत भरला, तेव्हा मी जातीनं उभी होते. आत्या प्रत्येक पायलीवरून तळहात फिरवून ती सपाट करायच्या आणि मगच कोठीत ओतायच्या. मी आकडा डोक्यात ठेवला. शिवाय कोठीच्या आतल्या अंगाला, आत्यांच्या नकळत, पेन्सिलीनं खुणा केल्या. घरात रोजचं काय लागतं ते मला ठाऊक होतं, बाहेर काय जातं तेही ठाऊक होतं. तरी तांदूळ खुणेच्या खाली चालला होता. दर महिन्याला थोडा थोडा.

आधी उंदरांवर संशय घेतला. मग नवऱ्यावर. तो म्हणाला, "मी कच्चे तांदूळ खातो का गं?" आणि हसत सुटला. मला नाही हसू आलं. घरचं धान्य जातंय आणि कुणाला काही पडलेली नाही, याचीच मला जास्त चीड यायची.

मग राहिली मावशी. वरच्या धनगरवाड्यावरची ही म्हातारी महिन्यातून एकदा तूप घेऊन खाली उतरायची. तिच्या म्हशीचं शेरभर तूप, आणि बदल्यात आमचे चार पायल्या तांदूळ. आत्यांच्या सासूच्या वेळेपासूनचा हा व्यवहार. त्या तांदळावर तिच्या घरची चूल चालायची, कारण वर भात पिकत नाही. मी सकाळच्या एसटीनं भोरला कॉलेजच्या ऑफिसात जाते, मावशी यायची दुपारी. म्हणजे तिचं माप मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. एवढंच कळलं होतं, की माप झालं की आत्या चहा ठेवायला आत जातात आणि मावशी कोठीपाशी एकटी असते. एवढं मला पुरेसं होतं.

मी हुकाचा काटा मागवला, मोबाईलवरून. आमची एक सपाट पायली तोलून ठेवली: साडेतीन किलो. चार पायल्यांचे चौदा. मग मावशीच्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि दुपारी दत्त म्हणून दारात उभी राहिले. मावशी पायरीवर बसून चहा पीत होती, शेजारी तिचं पोतं तोंड बांधून तयार.

"किती दिले, आत्या?"

"किती म्हंजी? चार पायल्या. न्हेमीचं."

मी पिशवीतून काटा काढला आणि पोतं हुकाला लावून उचललं. पंधरा किलो आठशे. खरं सांगते, त्या क्षणी मला वडिलांसारखाच आनंद झाला.

"मावशी, चौदा पाहिजेत. एक किलो आठशे जास्त आहेत."

"आसतील बाय. मला काय काट्यातलं कळतंय?"

"आत्या चहाला आत गेल्या, तेव्हा कोठीपाशी कोण होतं, ते तर कळतंय ना?"

बोलून गेले. आत्या दारात होत्या, त्यांच्या हातातली बशी वाजली. "आगं ए, काय बोलतीयास तू? कुनाला बोलतीयास?" त्यांचा आवाज चढला. मावशीनं मात्र कप शांतपणे खाली ठेवला. तोंड उतरलं होतं तिचं. "थांबा वैनी," ती आत्यांना म्हणाली, "चादर आना. पुन्यांदा मापा. हिच्यादेखत."

तिनं स्वतः पोत्याची गाठ सोडली आणि सगळे तांदूळ चादरीवर ओतले. आत्यांनी पायली बुडवून भरली. मी हात फिरवायची वाट बघत होते. त्यांनी हात फिरवलाच नाही. वर आणखी एक ओंजळ टाकली, मग आणखी एक, टोक येऊन दाणे कडेनं घरंगळायला लागेपर्यंत. "लाभ," त्या म्हणाल्या आणि पोत्यात ओतलं. दोन. तीन. चौथ्या पायलीला तशीच शीग लावली आणि चादरीवर मूठभरसुद्धा उरलं नाही.

"घरात भरताना सपाट, आन दुसऱ्याला देताना शीग लावून," आत्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "रीत हाय ती. सपाट माप कुनाच्या पोत्यात वततात व्हय? ती तुपाचा शेर भरती आन वर गोळा ठिवती, त्यो कंदी तोललास का?"

नव्हता तोलला. जास्त आलेलं मी कधीच तोलत नाही. लाजेनं कुठं बघू कळेना. "चुकलं माझं, मावशी," म्हटलं. पाय धरायला वाकले, तर ती मागं सरली.

"न्हाई बाय. तुजं बराबर हाय." तिनं पोतं परत चादरीवर पालथं केलं आणि पायली आत्यांच्या हातातून घेतली. भरायची, तळहात फिरवून शीग पाडायची, पोत्यात ओतायची. चार वेळा. चादरीवर राहिलेले तांदूळ तिनं दाणा न् दाणा गोळा करून आमच्या कोठीत टाकले आणि पोतं डोक्यावर घेऊन वाटेला लागली. आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मावशी येणं बंद करील असं मला वाटलं होतं. ती येते. आत्यांनी मात्र तिच्यासाठी मापणं सोडलं. "आता तूच माप," म्हणाल्या, म्हणून मावशीच्या दिवशी मी रजा घेते. तूप आता शेराच्या काठापर्यंत असतं, वर बोटभरसुद्धा नाही. मी पायली भरते, हात दुखेस्तोवर शीग लावते, आणि ती तळहात फिरवते. तांदूळ कोठीत परत पडतात.

गेल्या महिन्यात मी तिचा हात धरला. "मावशी, राहू द्या ना. माझ्यासाठी."

तिनं हात सोडवून घेतला आणि पायली सपाट केली. "मला डोंगर चढून जायाचं आस्तंय बाय," ती म्हणाली. "वाटंत कुनी इचारलं, पोत्यात किती हायेत, तर सांगता याया पायजे. तुज्या आदी कुनी इचारलं नव्हतं."